समाचाराचा चहा

तुळजाबाईंना कॅन्सर परत आलाय असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात सगळ्यात आधी आली ती साखर. घरात साखर किती आहे, चहापूड कधी आणली होती, आणि दूधवाल्याला उद्यापासून वाढवून सांगायचं की परवापासून. मरणाचा विचार नंतर आला, हॉस्पिटलचा जिना उतरताना, आणि तोही फार वेळ थांबला नाही.

हे वाचून कुणाला हसू येईल. येऊ दे. पण ज्यांच्या घरात मोठं आजारपण मुक्कामाला राहून गेलंय आणि ज्यांची भावकी वाघोलीसारख्या गावात आळीआळीला पसरलीय, ते हसायचे नाहीत. आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याच्या समाचाराला जावं लागतं. गेलं तर कुणाच्या लक्षात राहत नाही, पण न गेलं तर ते पुढच्या पिढीलाही सांगितलं जातं. म्हणून सगळे जातात. शहाळी नेतात, बिस्किटांचे पुडे नेतात, हॉलमध्ये मांडी घालून बसतात आणि विचारतात, ‘कसं काय?’ आजाऱ्यानं म्हणायचं असतं, ‘बरं हाय.’ मग आलेल्यांपैकी कुणाला तरी भरून येतं. रडणाऱ्याला धीर द्यावा लागतो, तो आजाऱ्यानंच द्यायचा. आणि मग चहा.

सातेक वर्षांपूर्वी तुळजाबाईंच्या छातीची डावी बाजू काढली तेव्हा हे सगळं झालं होतं. मुलाचं, इंद्रजीतचं, लग्न व्हायचं होतं, घरात दुसरी बाई नव्हती. केमोनं तोंडाची चव गेलेली, डोक्यावरचे केस गेलेले, रुमाल बांधून तुळजाबाई हॉलमध्ये बसायच्या आणि लोकांना ‘बरी हाय मी’ म्हणून सांगायच्या. एखादी जाऊ पदर खोचून उठायची, ‘तुमी बसा, मी करते च्या’ म्हणायची, आणि मग आतून हाका यायच्या: साखर कुठाय, गाळणं कुठाय, वेलदोडे कशात ठेवलेत. शेवटी तुळजाबाईच उठायच्या. उलट्या झाल्या, ताप आला, रक्त कमी झालं, ते सगळं त्या हळूहळू विसरल्या. पण भिंतीला धरून गॅसपाशी उभं राहून उकळत्या चहाकडे बघत काढलेल्या दुपारी त्यांच्या अंगातून गेल्या नाहीत.

तशी ही बाई कामाला भिणारी नव्हे. शिरूरकडून लग्न होऊन वाघोलीत आली तेव्हा इथं ज्वारी आणि कांदा होता. तिनं म्हशी पाळल्या, दूध घातलं, खुरपलं, सासऱ्याच्या शिव्या खाल्ल्या आणि दिराची पोरं वाढवली. मग एकेक करून वावरं बिल्डरांनी घेतली. जिथं ती कांदे काढायची तिथं आता बावीस मजले उभे आहेत आणि त्यांना कसलंसं इंग्रजी नाव आहे, जे तिला एकदाही नीट म्हणता आलेलं नाही. घरची तीन मजली इमारत झाली, खालच्या खोल्यांत कॉलेजची पोरं भाड्यानं राहायला आली, आणि तुळजाबाईंच्या वाट्याला इमारतीमागे उरलेला हातभर मातीचा तुकडा आला. त्यात त्या मेथी आणि कोथिंबीर लावतात. मुलगा म्हणतो, ‘आई, मार्केटमध्ये मिळते.’ त्या म्हणतात, ‘मिळूंदे की.’

यावेळी गाठ जुन्या शिवणीवरच आली होती. हरभऱ्याएवढी. अंघोळ करताना हाताला लागली तेव्हा त्यांनी साबण परत जागेवर ठेवला. ती गाठ काढून झाली. आता डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, त्या जागेवर रेडिएशन घ्या. वाघोलीत याला ‘लाईट घेणं’ म्हणतात. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज यायचं, रोज दहा-पंधरा मिनिटं.

“आणि न्हाय घेतली तर?” तुळजाबाईंनी विचारलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण गुळमुळीत बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. “त्याच जागी पुन्हा येण्याची शक्यता बरीच राहते. लाईट घेतली तर ती कमी होते. नाहीशी होते असं मी म्हणणार नाही. आणि दुसरीकडे कुठे येणारच नाही, असंही म्हणणार नाही. विचार करा, पण महिना लावू नका.”

हे सगळं ऐकायला त्यांचे यजमान हिंदुराव तिथं नव्हते. म्हणजे हॉस्पिटलात होते, पण पार्किंगमध्ये. हिंदुराव हा सहा फुटी माणूस. भरदार मिशा, गावच्या सभेत उभा राहिला की माईक लागत नसे. पण हॉस्पिटलचा वास नाकात गेला की पांढरा पडायचा. पहिल्या वेळी तुळजाबाईंना ऑपरेशनला आत नेत असताना तो वऱ्हांड्यात चक्कर येऊन पडला होता आणि दोन्ही नर्सा बायकोला स्ट्रेचरवर सोडून नवऱ्याकडे धावल्या होत्या. तुळजाबाईंनी स्ट्रेचरवरूनच सांगितलं होतं, ‘त्यांना कांदा हुंगवा.’

घरी आल्यावर तुळजाबाईंनी जाहीर केलं, “मला न्हाय घ्यायची लाईट.”

इंद्रजीत चिडला. त्याचा जेसीबीचा धंदा, अडचण दिसली की बाजूला सारायची हीच सवय. “आई, गाडी आहे, ड्रायव्हर आहे, पॉलिसी आहे. प्रॉब्लेम काय आहे मग?”

सून ऋतिका खराडीत कंपनीत होती. पोरगी मनानं चांगली, पण बोलायची मीटिंगमध्ये बोलल्यासारखं. “आई, आपण सेकंड ओपिनियन घेऊ या ना. मी अपॉइंटमेंट बुक करते. युअर कॉल, पण ॲट लीस्ट डेटा तरी बघू.”

“ऊन लई हाय,” तुळजाबाई म्हणाल्या. “नगर रोडला ट्रॅफिक असतं. वय झालं माजं.” आणि मग खरं तेवढंच एक सांगितलं, “भावकीत कुनाला सांगू नका. एवढं करा माज्यासाठी.”

तिघांनीही हो म्हटलं.

तुळजाबाईंना काय वाटत होतं ते सांगायचं तर सोपं आहे. त्या दमल्या होत्या. भ्यायल्या नव्हत्या असं नाही, पण भीतीपेक्षा दमणूक मोठी होती. पाच आठवडे रोज गाडीत बसायचं म्हणजे गावाला कळणार, गावाला कळलं की हॉल भरणार, हॉल भरला की पुन्हा तेच. कसं काय, बरी हाय. त्या दोन शब्दांचा त्यांना शीण आला होता. त्यापेक्षा गपचूप राहावं, मेथी लावावी, जे होईल ते होईल. जगायचा कंटाळा नव्हता, पण आजारी माणूस म्हणून पुन्हा उभं राहायचं बळ अंगात नव्हतं.

हिंदुराव दोन दिवस घुम्यासारखे फिरले. बायकोसमोर यायचे, मिशीवरून हात फिरवायचे, ‘मोटार चालू केली का’ असं काहीतरी विचारायचे आणि जायचे. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला हुकूम दिले होते, शिव्या दिल्या होत्या, एकदा हौसेनं सोन्याची पाटलीही दिली होती. पण ‘माझ्यासाठी घे’ असं म्हणायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मग त्यांनी केलं काय, तर अशा वेळी इकडचे पुरुष करतात तेच केलं. स्वतःला सांगता येत नव्हतं म्हणून सांगायला माणसं बोलावली. चुलतभाऊ श्यामसुंदर, जे मास्तरकीतून रिटायर झाले होते, त्यांना फोन केला. बहिणीला फोन केला. ‘जरा येऊन समजवा तिला. आणि कुणाला बोलू नका,’ असंही म्हणाले. बहिणीनं ते फक्त आपल्या जावांना सांगितलं.

रविवारी सकाळी नऊला पहिली गाडी दारात थांबली, आणि दुपारपर्यंत चपला ओट्यावरून खाली रस्त्यावर आल्या.

तुळजाबाईंनी खिडकीतून त्या चपला पाहिल्या आणि त्यांना सगळं कळलं. त्या आत गेल्या, चांगलं लुगडं नेसल्या, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढवल्या. काखेतल्या गाठी काढल्यापासून डावा हात सुजायचा, बांगडी घट्ट बसायची. पण चार बायका यायच्या म्हटल्यावर सवाष्णीनं मोकळ्या हातानं कसं बसायचं? बसल्या हॉलमध्ये.

“वहिनी, विज्ञानावर विश्वास ठेवा,” श्यामसुंदर म्हणाले. “लाईट ही घ्यायलाच हवी. मी तर म्हणतो लाईटही घ्या आणि रोज अनशापोटी गोमूत्रही घ्या. दोन्हीकडून कोंडी करायची.”

“आवं घ्याच वैनी,” नणंद म्हणाली. “आमच्याकडं त्या थोरल्यांच्या सुनेनं घेतली की. काई तरास झाला न्हाय. महिन्यात गेली बिचारी, पर तरास न्हाय झाला.”

कुणीतरी तिला कोपरानं ढोसलं. कुणी लक्ष्मणफळाचं बोललं, कुणी केरळच्या वैद्याचं. उंटावरून शेळ्या हाकायला सगळेच तयार. मधेच ‘माझा बिनसाखरेचा’, ‘मला निम्माच’ असं चाललं होतं. ऋतिका दोनदा उठून आत गेली, पण रविवार असूनही तिचं काम चालू होतं, फोन आला की तिला वर जावं लागे. आणि बायकाही म्हणायच्या, ‘अगं, तुला न्हाय जमायचं एवढ्या माणसांचं.’ म्हणजे जमायचं कुणाला, ते उघड होतं.

तिसऱ्या खेपेला मोठं पातेलं उतरवताना तुळजाबाईंच्या डाव्या हातातलं त्राण गेलं. पातेलं कलंडलं. चहा ओट्यावरून, कपाटावरून, फरशीवर सगळीकडे. पायावर थोडाच उडाला. त्या तिथंच खाली बसल्या. हॉलमधून माणसं धावत आली आणि दारात गर्दी करून उभी राहिली.

“बघा, केवढा अशक्तपणा आलाय.”

“म्हणून तर म्हणतो, लाईट घ्या.”

तुळजाबाईंना हसू आलं. अति झालं अन् हसू आलं म्हणतात तसं. फरशीवर बसून, पदर चहानं भिजलेला, त्या हसत राहिल्या, आणि ते कुणालाच आवडलं नाही. नणंदेला तर रडूच फुटलं. ती खाली बसली आणि वहिनीच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. तुळजाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सुजलेलाच हात, तो जवळ होता म्हणून.

“रडू नका, वन्स. बरी हाय मी,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर हिंदुराव दारात उभे राहिले. बायको काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होते. तुळजाबाईंनी फरशी पुसली, भात टाकला, ताटं केली आणि झोपायला गेल्या. बोलल्या असत्या तर हिंदुरावांना सुखाची झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी, ‘दवाखान्यात जाऊन येते’ असं अर्धवट सांगून तुळजाबाई एकट्याच बसमध्ये बसल्या आणि येरवड्याला उतरल्या. तिथं बाजारात बेगमभाभींचं बांगड्यांचं दुकान होतं.

भाभी भेटल्या त्या पहिल्या खेपेच्या केमोत. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर दोघींना सलाईन लावलेलं. तुळजाबाईंचा हात त्या दिवशी इतका सुजला होता की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, नर्स म्हणत होती कापाव्या लागतील, आणि तुळजाबाई लहान मुलीसारख्या रडत होत्या. कापायच्या म्हणजे अपशकुन. तेव्हा शेजारची बाई म्हणाली, ‘थांबा, मी मणियारीण आहे.’ आणि एका हातात सुई तशीच ठेवून, दुसऱ्या हातानं त्यांचा पंजा असा काही दाबला, असा वळवला, की बांगड्या एकेक करून अख्ख्या बाहेर आल्या. पुढच्या वेळी येताना ती दोन मापं मोठ्या बांगड्या घेऊन आली होती. तेव्हापासून दोघींचं जमलं. भाभींचा कॅन्सर दोन वर्षांपूर्वी परत आला होता. त्यांनी लाईट घेतली. आता तो हाडांत उतरला होता.

दुकानाच्या मागच्या खोलीत भाभी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. पुढे दुकानात त्यांची लेक तरन्नुम गिऱ्हाईक बघत होती. भाभी निम्म्या झाल्या होत्या. पण जीभ होती तेवढीच होती.

“या ताई,” त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर पिशवीवर गेली. “शहाळं आणलंत? ठेवा त्या कोपऱ्यात, तिथे त्याचे भाऊबंद आहेत. मी गेल्यावर या घरात नारळपाण्याचा कारखाना निघेल.”

तुळजाबाईंना लाज वाटली. बसमधून उतरल्यावर पाय आपोआप शहाळेवाल्याकडे वळले होते, विचार न करता. “सवयीनं आणलं हो,” त्या म्हणाल्या.

“चहा करा. दोघींना. डबे कुठे आहेत ते विचारू नका, शोधा.”

तुळजाबाईंनी शोधले. चहा केला. तेवढ्यात दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं पडद्यातून डोकं आत घातलं. चेहरा आधीच दुःखी करून घेतलेला. “कशी आहे तब्येत, भाभी?”

“वाईट,” भाभी म्हणाल्या.

ती बाई गोंधळली. पुढचं काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं. “बरं बरं,” असं म्हणून तिनं डोकं मागे घेतलं आणि पडदा नीट केला.

“असं कसं बोलता हो?” तुळजाबाई म्हणाल्या.

“दुखतंय म्हणून दुखतंय म्हणते. ती काय मला विचारायला आली होती? विचारलं असं सांगायला आली होती.” भाभींनी बशीत चहा ओतला. “तुम्ही मात्र विचारायला आलाय. विचारा.”

तुळजाबाईंनी गाठीचं सांगितलं, रविवारचं सांगितलं, पातेल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, “भाभी, राग मानू नका. तुमी लाईट घेतली. काय उपेग झाला? आलंच की.”

भाभींनी बशी खाली ठेवली. पडदा बंद आहे का बघितलं आणि कुर्त्याची बटणं काढली. छातीची ती बाजू सपाट होती आणि तिथली कातडी काळपट पडली होती, तव्याच्या कडेसारखी. पण अखंड होती. कुठे चीर नव्हती, खपली नव्हती.

“हात लावा,” भाभी म्हणाल्या. “हाडांत गेलं, खरं आहे. ते थांबलं नाही. पण इथे परत नाही आलं. बंद आहे. घरात वास नाही. तरन्नुमचं पोरगं रात्री इथे डोकं ठेवून झोपतं. मला एवढं मिळालं. जास्त मिळालं असं सांगितलं तर खोटं होईल.”

तुळजाबाईंनी हात लावला. आणि त्यांना सासू आठवली.

सासूला हेच झालं होतं. तेव्हा नाव माहीत नव्हतं, गाठ म्हणायचे. ती फुटली. गोठ्याशेजारच्या खोलीत सासू पडून असायची आणि नवी सून असलेल्या तुळजाबाई कडुनिंबाच्या पाण्यानं ती जागा धुवायच्या, उदाचा धूर करायच्या, नाकाला पदर लावायचा नाही असं स्वतःला बजावायच्या. समाचाराला माणसं तेव्हाही यायची. पण आत येत नसत. अंगणातूनच विचारायची, ‘कसं काय?’ आणि सासू आतून ओरडून सांगायची, ‘बरं हाय!’ पुढं पुढं अंगणातही कुणी येईना. पोटचा मुलगा, हेच हिंदुराव, खोलीच्या उंबऱ्यावर यायचे आणि पांढरे पडून मागे फिरायचे. सासूनं शेवटच्या दिवसांत एकदा तुळजाबाईंना विचारलं होतं, ‘आज कुनी आलं हुतं का गं?’ तुळजाबाई खोटं बोलल्या होत्या.

आपल्याला हे होईल तेव्हा पाणी घेऊन आत कोण येणार? ऋतिका. नाकाला पदर लावायचा नाही असं स्वतःला बजावत.

“मला मरायची भीती न्हाय, भाभी,” त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. “मला त्या मानसांचं व्हत न्हाय आता. बरी हाय, बरी हाय म्हनून म्हनून दमले मी.”

“मग?” भाभी म्हणाल्या. “पाहुण्यांना कंटाळून जीव दिला, असं लोकांना सांगू का तुमच्या माघारी? लाईट नको असेल तर नका घेऊ, तुमची छाती आहे. पण सोडायची तर लाईट नको म्हणून सोडा. चहा नको म्हणून लाईट सोडता? चहा सोडा की.”

तुळजाबाई डोळे पुसताना भाभींचं लक्ष त्यांच्या डाव्या मनगटाकडे गेलं. बांगड्या कालच्याच, मांसात रुतलेल्या, आजूबाजूला लाल झालेलं. भाभींनी तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. त्यांच्या बोटांत आता बशी धरण्याइतपतच जोर उरला होता, पण पंजा कुठे दाबायचा ते बोटांना ठाऊक होतं. वेळ लागला. मधे दोनदा त्या थांबल्या, दम खाल्ला. एकही बांगडी फुटू न देता त्यांनी सगळ्या काढल्या.

“आता या हातात नाही घालायच्या.”

“मोकळा हात कसा ठेवू? सवाष्ण हाय मी.”

“दुसऱ्या हातात आहेत ना? नवरा एकच आहे, एका हातात मावतो.”

घरी आल्या तेव्हा हिंदुराव ओट्यावरच बसले होते. त्यांची नजर बायकोच्या उघड्या मनगटावर गेली आणि ते दचकून उभे राहिले.

“घाबरू नका,” तुळजाबाई म्हणाल्या. “सुजला म्हनून काढल्या. मी लाईट घेनार हाय.”

हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला.

“पन ऐका. मानसं तुमी बोलावली, आता ती यायची थांबायची न्हाईत. त्यांचं तुमी बघायचं. च्या तुमी करायचा, ‘कसं काय’चं उत्तर तुमी द्यायचं. मी आत पडून ऱ्हानार. कुनी रडलं तरी मी बाहेर यायची न्हाय.”

“मला च्या येत न्हाय गं,” हिंदुराव म्हणाले.

“मला तरी कुठं लाईट येतीय?”

हिंदुरावांनी चहा केला. पहिल्या दिवशी मिठाचा केला, दुसऱ्या दिवशी उतू घालवला, आणि मग जो काही जमायला लागला तो असा, की श्यामसुंदर मास्तर दुसऱ्या भेटीत ‘उपास आहे’ म्हणाले. ‘वहिनी कशा आहेत?’ असं विचारलं की हिंदुराव म्हणायचे, ‘झोपलीय.’ भावकीत बोलणं झालंच. तुळजाबाईंना गर्व झाला, पुण्याची हवा लागली, सुनेच्या नादी लागल्या. त्या आतल्या खोलीत भिंतीवर डाव्या हाताची बोटं चालवत ते ऐकायच्या. मशीनखाली झोपताना हात डोक्यावर नेता यायला हवा होता आणि खांदा आखडला होता. बोटं भिंतीवरून मुंगीच्या चालीनं वर न्यायची, दुखलं की थांबायचं, पुन्हा न्यायची.

लाईट सुरू झाली तेव्हा वैशाख लागला होता. वाघोलीहून स्वारगेटपलीकडे जायचं, रोज. हिंदुराव बरोबर यायचे, नाकाला रुमाल लावून का होईना, पण पार्किंगमध्ये न थांबता मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकापर्यंत यायचे. तिसऱ्या आठवड्यात थकवा आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलाच होता, पण सांगितलेला थकवा आणि आलेला थकवा यात फरक असतो. कातडी भाजल्यासारखी झाली. घास गिळताना छातीत अडकायचा. गाडीत बसल्यावर दार लावायचंही जिवावर यायचं. लाईट घेतली ते बरं केलं का, असा विचार रोज येरवड्याच्या पुलावर यायचा.

त्या दिवशीही त्या टेबलावर आडव्या झाल्या. छातीवर शाईच्या खुणा होत्या, त्या खुणांवर मशीनवरच्या मुलानं उजेडाची रेघ जुळवली. डावा हात डोक्यावर, मान उजवीकडे.

“मावशी, आता हलायचं नाही हं,” तो म्हणाला, आणि सगळे बाहेर गेले. तो गेला, नर्स गेली, भलं जाड दार हळूहळू सरकत आलं आणि बंद झालं.

खोलीत कुणी उरलं नाही. मशीनची घरघर सुरू झाली. तुळजाबाईंच्या लक्षात आलं की इथं त्यांना कुणी काही विचारायचं नाही. धीर द्यायला कुणी नाही, चहा कुणाला नको आहे. आणि एकदम त्यांना रडू आलं. सासूसाठी आलं, भाभींसाठी आलं, स्वतःसाठी तर इतकं आलं की सात वर्षांचं साठलेलं असावं. पाणी डोळ्यांच्या कडेनं वाहत कानात गेलं. पुसता येत नव्हतं, हलायचं नव्हतं. त्या तशाच पडून रडत राहिल्या. मशीन थांबलं, दार उघडलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा हिंदुराव बाकावर थर्मास घेऊन बसले होते. रोज घरून करून आणायचे. बायको दिसल्यावर त्यांनी रुमाल खाली घेतला.

“कसं वाटतंय?”

‘बरी हाय’ हे दोन शब्द ओठांवर आलेच होते. तुळजाबाई शेजारी बसल्या.

“दमले हो मी,” त्या म्हणाल्या. “लई दमले.”

हिंदुराव ‘होईल सगळं नीट’ म्हणाले नाहीत, रडलेही नाहीत. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तिच्या हातात दिला. चहा पाणचट होता, आणि साखर ते बहुतेक विसरलेच होते. तुळजाबाईंनी तो संपवला, झाकण बाकावर ठेवलं आणि भर वऱ्हांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले.

जरा वेळानं हिंदुरावांच्या खिशातला फोन वाजला, ड्रायव्हरचा असणार. खिशात हात घालायचा तर खांदा हलला असता. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. हॉस्पिटलचा तो वास नाकातोंडात जात होता, रुमाल मांडीवर पडला होता, आणि हिंदुराव हलले नाहीत.